चाकं थांबतात तिथे: लांब पल्ल्याच्या एका ट्रक ड्रायव्हरचं प्रकरण

हे प्रकरण कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या आसपासचं आहे. 2023 च्या पावसाळ्यात एक ड्रायव्हर तिथल्या ट्रकचालकांच्या दवाखान्यात आला. वय 38, गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातलं. घरी बायको, दोन मुलं, म्हातारी आई. गाडी स्वतःची नाही, शेठची. कळंबोली ते रायपूर-भिलाई हा त्याचा बांधलेला रूट. तिकडून लोखंड आणायचं आणि इकडून मिळेल तो माल घेऊन जायचं. त्याच्या परवानगीने मी हे लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. महामार्गावर एचआयव्हीचं काम करणाऱ्या समुपदेशकांनी आणि कार्यकर्त्यांनी वाचावं म्हणून लिहितो आहेच, पण ज्यांच्या गाड्या आहेत त्या शेठ मंडळींनी वाचलं तर जास्त बरं.

केसपेपरवर तक्रार कंबरदुखीची होती. आमच्या दवाखान्यात तशीच सोय आहे: डोळे, बीपी, साखर, कंबर, खरूज, सगळं एकाच टेबलावर बघतात. त्यामुळे आत शिरणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. डॉक्टरांनी कंबर बघितली, गोळ्या लिहिल्या, तरी तो उठेना. "अजून काही?" असं विचारल्यावर दाराकडे एक नजर टाकून म्हणाला, "खाली एक फोड आलाय. दुखत नाय, पण जात बी नाय."

न दुखणारा, कडक काठाचा, एकच व्रण, सोबत जांघेत गाठी. डॉक्टरांना उपदंशाची शंका आली. लोक याला गरमी म्हणतात. त्याआधी त्याने दोन ठिकाणी इलाज केला होता. एका मेडिकलवाल्याने कॅप्सूल दिल्या होत्या आणि हायवेवरच्या एका 'डॉक्टर'ने इंजेक्शन. अशा वेळी फसगत होते ती इथेच. उपदंशाचा पहिला व्रण काही न करताही तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. ड्रायव्हरला वाटतं इंजेक्शन लागू पडलं, आजार मात्र रक्तात तसाच राहतो. हा माणूस फोड भरायच्या आत आमच्याकडे पोचला, हे त्याचं नशीब.

बोटातून रक्त घेऊन दोन्ही तपासण्या केल्या. उपदंशाची पॉझिटिव्ह आली, एचआयव्हीची प्राथमिक चाचणीही रिॲक्टिव्ह, म्हणजे लागणीची शंका दाखवणारी. प्राथमिक चाचणीवर आम्ही कुणालाही 'तुला एचआयव्ही आहे' असं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या पीअर कार्यकर्त्याने, म्हणजे ड्रायव्हरांमधूनच आलेल्या कार्यकर्त्याने, त्याला सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रात नेलं. तिथे वेगवेगळ्या तीन किटवर तपासणी झाली आणि निकाल पक्का झाला. पुढच्या तपासणीत सीडी4, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींची संख्या, 412 निघाली. टीबीची चारही लक्षणं विचारली: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. एकही नव्हतं.

उपदंशासाठी बेंझाथिन पेनिसिलिन, चोवीस लाख युनिट, दोन्ही पुठ्ठ्यांवर निम्मं निम्मं. हे इंजेक्शन फार दुखतं आणि त्या रात्री कधीकधी थंडीताप भरतो. त्याची गाडी संध्याकाळी निघायची होती. डॉक्टरांनी साफ सांगितलं की आज गाडी चालवायची नाही. शेठला फोन करून कंबरेचं कारण सांगितलं गेलं, आणि खोटं तरी काय होतं त्यात, कंबर होतीच धरलेली.

आता इतिहास. पहिल्या बैठकीत त्याने सांगितलं की तो पैसे देऊन कुठे जात नाही. पूर्वी जायचा, दीड वर्षापासून बंद केलंय, आणि जायचा तेव्हाही निरोध वापरायचा. खिशातलं निरोधाचं पाकीट काढून त्याने दाखवलंही, आमच्याच शिबिरात मिळालेलं. एचआयव्ही कसा पसरतो हे त्याने न अडखळता सांगितलं: सुई, रक्त, संबंध, आईकडून बाळाला. चहाच्या कपाने, हात मिळवल्याने होत नाही, हेही ठाऊक. प्रश्नावली भरली असती तर त्याला पैकीच्या पैकी गुण पडले असते.

पण त्याचा व्रण वेगळं सांगत होता. उपदंशाचा जंतू शिरल्यापासून व्रण उमटायला साधारण तीन आठवडे लागतात, फार तर तीन महिने. म्हणजे गेल्या तीन महिन्यांत कुठेतरी निरोधाशिवाय संबंध आला होता. मी ते त्याला आरोपाच्या सुरात सांगितलं नाही, कॅलेंडर पुढे ठेवून फक्त महिने दाखवले. तो गप्प बसला. पुढची गोष्ट त्याने मला सांगितली नाहीच. ती सांगितली आमच्या पीअर कार्यकर्त्याला, उभ्या गाडीच्या केबिनमध्ये. हा कार्यकर्ता स्वतः जुना ड्रायव्हर, नजर कमी झाल्यावर गाडी सोडलेला. टेबलापलीकडच्या माणसाला जे सांगायला जीभ रेटत नाही, ते केबिनमध्ये निघतं.

छत्तीसगडच्या सीमेच्या अलीकडे एक छोटी खानावळ आहे. एक बाई आईच्या मदतीने ती चालवते, नवरा सोडून गेलेला. याची तिच्याशी दोन वर्षांची ओळख. तो येताना तिच्या मुलांना खाऊ आणतो, किराणा भरतो, मोबाइलचं रिचार्ज मारतो. ती त्याचे कपडे धुऊन देते, भाकरी बांधून देते. पैसे देऊन जाणं यात कुठे बसतं? त्याच्या हिशेबी बसतच नव्हतं, म्हणून पहिल्या बैठकीत तो खोटं बोलला असंही म्हणता येणार नाही. निरोधाचं विचारल्यावर कार्यकर्त्याला म्हणाला, "भाऊ, ती तसली नाय."

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ या एका वाक्यात आहे, आणि त्यात आमच्या क्षेत्राचाही वाटा आहे. तीसेक वर्षं आपण हायवेवर जी पोस्टरं लावली, पथनाट्यं केली, त्यातून ड्रायव्हरने धडा घेतला तो असा: धोका विशिष्ट बाईपासून आहे आणि निरोध त्या बाईसाठी आहे. त्याने तो धडा प्रामाणिकपणे पाळलाही. वस्तीतल्या, लॉजवरच्या बाया आज बऱ्याच ठिकाणी निरोधाशिवाय गिऱ्हाईक घेत नाहीत. सांगलीसारख्या ठिकाणी शरीरविक्रय करणाऱ्या बायकांनी 1990 च्या दशकात स्वतः संघटित होऊन ही शिस्त बसवली. त्या दारात ड्रायव्हर बराच सुरक्षित असतो. उघडा पडतो तो जिथे माया आहे तिथे. खिशातून निरोध काढला की अविश्वास दाखवल्यासारखं होतं, आणि तिनेच मागितला तर 'तू कुणाकडे जातेस?' हा प्रश्न येतो. त्यामुळे दोघंही तो विषय काढत नाहीत.

ही माया मुळात जुळली कुठून, हे बघायचं तर त्याची एक फेरी मांडून बघावी लागते. आम्ही ती कागदावर मांडली. कळंबोलीत माल उतरायला दीड-दोन दिवस, कारण क्रेन, हमाल आणि वजनकाटा यांची रांग. मग रिटर्न भाड्यासाठी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसपुढे नंबर लावून बसायचं, कधी एक दिवस, कधी चार. रायपूरला पोचायला तीन दिवस. तिकडे प्लांटच्या गेटवर गाडी नंबरला लावली की आत जायला दोन ते चार दिवस. शेवटी लोखंड भरून परत तीन दिवस. बारा-तेरा दिवसांच्या फेरीत चाकं फिरतात ती सहा दिवस. उरलेले सहा-सात दिवस ड्रायव्हर गाडी सोडून लांब जाऊ शकत नाही, कारण नंबर कधी लागेल सांगता येत नाही आणि डिझेल, टायर, ताडपत्री यांच्या चोरीची भीती असते. झोपायला केबिन. आंघोळीला ढाब्याचा हौद. प्लांटच्या गेटबाहेर बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरसाठी साधा संडास नसतो. गाडी अडकून पडल्याचं हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे जादा पैसे, कधी मिळालंच तर शेठच्या खात्यावर जातं, ड्रायव्हरला नाही. आणि ट्रिपचा भत्ता रोख, निघतानाच हातात.

अशा माणसाला महिनोन्महिने त्याच त्याच चार जागी थांबावं लागलं तर त्यातल्या एखाद्या जागी घरासारखं काहीतरी तयार होणारच. खऱ्या घरी तो दीड महिन्यातून एकदा जातो, दोन-तीन रात्रींसाठी. आपण याला 'बाहेरख्यालीपणा' म्हणून मोकळे होतो. मला ते नाव मान्य नाही. रूट बांधलेला असला की थांबे बांधले जातात, थांब्यांवरची माणसं ठरून जातात, आणि ठरलेल्या माणसाशी निरोध सुटतो. ही साखळी मालवाहतुकीच्या रचनेतून येते, ड्रायव्हरच्या चारित्र्यातून नाही.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले, मुंबईची जकातही गेली. 2021 च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. नाक्यावरची रांग खरोखर कमी झाली. पूर्वी सीमेवर जी वस्ती वाढली होती, ती त्या रांगेवर पोसली होती. त्यामुळे ड्रायव्हरचा धोकाही आपोआप घटेल असं आमच्यातल्या अनेकांना वाटलं. पण रस्ता वेगवान झाला आणि गेट तसंच राहिलं. ड्रायव्हर आता लवकर पोचतो आणि प्लांटबाहेर जास्त वेळ बसतो. थांबण्याची जागा सरकारी नाक्यावरून खासगी गेटपाशी सरकली, आणि तिथे आमच्यासारख्यांची शिबिरं क्वचितच पोचतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. दारू तो पितो, पण थांबलेल्या दिवशीच, आणि त्याच दिवशी निरोधाचा विसर पडतो. इंजिनची उष्णता अंगात साठते, ती संबंध करून 'काढली' नाही तर डोळे जातात, पाठ जाते, ही समजूत त्याच्याही मनात पक्की होती. तिच्यावर हसून काही होत नाही, पाणी, झोप आणि लघवीची जळजळ या अंगाने बोललं तर तो ऐकतो. किन्नराशी, म्हणजे गाडीवरच्या पोराशी, संबंध आला आहे का, हे आम्ही विचारलं. त्याने नाही म्हटलं. तरी हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा असतो, आणि किन्नरालाही वेगळं बोलावून विचारायचा असतो. तो बहुधा वीस-बावीसचा, शिकाऊ, त्याची कमाई ड्रायव्हरच्या मर्जीवर. अर्जातला रकाना फक्त 'स्त्री जोडीदार' विचारत असेल तर ही बाजू कधीच बाहेर येत नाही.

हे एकट्या माणसाचं दुर्दैव नाही हे आकड्यांतूनही दिसतं. 2021 च्या राष्ट्रीय देखरेख पाहणीत ट्रकचालकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 1 टक्का आढळलं. त्याच वर्षी देशातल्या प्रौढांमधलं अंदाजित प्रमाण 0.21 टक्के होतं, म्हणजे जवळपास पाचपट. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे, चार लाखांच्या घरात. नाको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, ट्रकचालकांना 'सेतू' गटात धरते, कारण जास्त जोखमीचे गट आणि घरातली बाई यांना जोडणारा दुवा तो असतो. पण त्या दुव्याच्या पलीकडच्या टोकाला कोण उभं आहे याकडे कार्यक्रमाचं लक्ष फार उशिरा गेलं.

त्याची बायको गावी. धाकट्या मुलानंतर तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. महाराष्ट्रात विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांचं ते होतं. ऑपरेशननंतर घरात निरोध आणायला कारणच उरत नाही. नवऱ्याने आणला तर संशय, बायकोने मागितला तर मार. म्हणजे सरकारी कार्यक्रमाच्या एका खात्याने पाळणा थांबवला, आणि दुसऱ्या खात्याला हवा असलेला निरोध त्याच घरातून बाहेर गेला. या दोन खात्यांच्या कार्यकर्त्या गावात एकाच अंगणवाडीत बसतात, तरी हे बोलणं होत नाही.

बायकोला सांगायला तो तयार नव्हता. "पोरं घेऊन माहेरी जाईल" एवढंच म्हणायचा. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याच्या संमतीशिवाय निकाल कुणालाही सांगता येत नाही, शेठला तर नाहीच, आणि या कारणाने नोकरीवरून काढताही येत नाही. जोडीदाराच्या बाबतीत मात्र कायद्याने एक वाट ठेवली आहे. जोडीदाराला खरा धोका असेल, समजावूनही माणूस सांगत नसेल, तर त्याला तशी पूर्वसूचना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समक्ष सांगू शकतात. मी ही तरतूद त्याला वाचून दाखवली, धमकी म्हणून नाही, तिचाही हक्क आहे म्हणून. त्याला वेळ दिला. गणपतीत तो गावी गेला आणि परत येताना तिला सोबत घेऊन आला.

तिला आम्ही आधी एकटीला भेटलो, हे तिनेच मागितलं होतं. तिचे प्रश्न सरळ होते. याचे कपडे वेगळे धुवायचे का? पोरांनी याच्या ताटात जेवलं तर? गावात कळलं तर आशाताई सगळीकडे सांगेल का? तिची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली, उपदंशाची पॉझिटिव्ह. तिलाही तेच इंजेक्शन. मुलांना तपासण्याची गरज उरली नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, एचआयव्ही निगेटिव्हच. दोघांच्या घरात आता निरोध आहे आणि तो का आहे हे दोघांना माहीत आहे. ती चिडली, पंधरा दिवस माहेरी राहिली, परत आली. का परत आली हे मी विचारलं नाही.

'कुणाकडून आलं?' हा प्रश्न त्याने प्रत्येक भेटीत विचारला. त्याचं उत्तर कुठल्याच तपासणीतून मिळत नाही. सीडी4 412 वरून एवढंच वाटतं की लागण कालपरवाची नसावी. उपदंश ताजा, एचआयव्ही कदाचित जुना; त्यानेच तिकडे नेला असेल असंही होऊ शकतं. हा प्रश्न आम्ही मुद्दाम मिटवतो, कारण त्यातून नेहमी एखादी बाई दोषी ठरते.

उपचार सोपे असायला हवेत. 2017 पासून सीडी4 कितीही असो, निदान झालं की औषध सुरू होतं. दिवसाला एक गोळी, तीत तीन औषधं: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर. फुकट मिळते. पण सुरुवातीला बाटली तीस गोळ्यांची, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या सरकारी केंद्रात जायचं, केंद्र सकाळी उघडतं आणि दुपारनंतर बंद होतं. ज्याची गाडी रायपूरच्या गेटवर अडकली आहे त्याने काय करावं? दुसऱ्याच महिन्यात त्याचे पाच दिवस चुकले. केंद्राच्या यादीत त्याच्या नावापुढे 'गैरहजर' पडलं, जणू त्याला पर्वाच नाही.

यावर वाट आहे, पण ती ड्रायव्हरला कुणी सांगत नाही. केंद्राने दिलेलं उपचाराचं हिरवं पुस्तक जवळ असेल तर प्रवासात दुसऱ्या शहरातल्या एआरटी केंद्रातून औषध घेता येतं. आम्ही त्याच्या रूटवरच्या केंद्रांची नावं त्या पुस्तकात चिकटवून दिली, आणि तब्येत स्थिर झाल्यावर एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात म्हणून केंद्राशी बोललो. पुस्तकावर आजाराचं नाव दिसू नये म्हणून त्याने वरून गाडीच्या इन्शुरन्सचं जुनं कव्हर घातलंय.

एक बारीक गोष्ट जवळजवळ सुटली होती. हा माणूस दिवसभर ॲसिडिटीच्या गोळ्या चघळतो, बहुतेक ड्रायव्हर चघळतात. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम असलेल्या या गोळ्या आणि डोल्युटेग्राविर एकत्र घेतलं तर औषध नीट शोषलं जात नाही. एचआयव्हीची गोळी आधी, ॲसिडिटीची निदान दोन तासांनी. उलट क्रमाने घेतली तर मध्ये सहा तास. केबिनमध्ये स्टिअरिंगच्या वर एक चिठ्ठी लावून दिली, त्यावर फक्त 'रात्री 9, मग 11' लिहिलं आहे. किन्नराला वाटतं ती डिझेलची वेळ आहे.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणू मोजणारी तपासणी झाली. विषाणू मोजण्याइतका सापडला नाही. असं सतत राहिलं तर संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे ऐकून तो पहिल्यांदा मोकळेपणी बोलला.

खानावळीतल्या बाईचं मात्र अर्धवट आहे. तिला सांगायला त्याने चार महिने घेतले. फोन केला तेव्हा तिने मधेच ठेवला. पुढच्या फेरीला तो तिथे थांबला, समक्ष बोलला, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीचा पत्ता दिला. ती जाऊन आली असं तो म्हणतो. तिचा निकाल आमच्या फाइलीत नाही. ती तिथली रुग्ण आहे आणि तो निकाल तिचा आहे. तिला औषधाची गरज असेल तर ती दर महिन्याला खानावळ बंद ठेवून कशी जाईल, हा प्रश्न मला सतावतो.

ट्रकचालकांसाठी देशात मोठं काम याआधी झालं आहे. 2004 पासून ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया फाउंडेशनने गेट्स फाउंडेशनच्या 'आवाहन' उपक्रमातून 'कवच' प्रकल्प चालवला, त्यातून खुशी क्लिनिकं उभी राहिली. सुरुवातीला हायवेवरचे पुष्कळ थांबे घेतले होते, नंतर मालाची चढउतार होते अशा 17 मोठ्या ठिकाणांवर काम एकवटलं, कारण ड्रायव्हर खऱ्या अर्थाने तिथे थांबतो. मला तो निर्णय बरोबर वाटतो, फक्त आज थांबायच्या जागा पुन्हा बदलल्या आहेत.

आमच्याकडे या प्रकरणानंतर दवाखान्याची वेळ संध्याकाळी सहा ते दहा झाली. प्रश्नावलीतला 'पैसे देऊन संबंध' हा प्रश्न आम्ही मागे टाकला आणि आधी 'रूटवर कुठे कुठे जेवता, कुठे झोपता' हे विचारू लागलो. खरी माहिती तिथून येते. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बैठकीत आम्ही दोन गोष्टी मागितल्या: प्लांटच्या गेटवर गाडीला वेळ ठरवून मिळावी, आणि हॉल्टिंगचा काही भाग ड्रायव्हरच्या हातात पडावा. दुसरीवर दोन शेठ तयार झाले. पहिली प्लांटवाल्यांच्या हातात आहे, त्यांना पत्र गेलं आहे, उत्तर आलेलं नाही. या ड्रायव्हरची पुढची व्हायरल लोड तपासणी ठरली आहे, आणि त्या आठवड्यात त्याला लांबची ट्रिप देऊ नये असं शेठला सांगायचं आहे, कारण कंबरेचंच देऊन.